तुमचे प्रश्न: विजयदुर्गावर हेलियम सापडला का, बांबू फुलला की दुष्काळ येतो का, आणि बाकीचे

या महिन्यात पत्रं आणि मेसेज भरपूर आले आणि बहुतेकांची सुरुवात एकच, "असं ऐकलंय, खरं आहे का हो?" सगळ्यांना पुरं पडणं शक्य नाही म्हणून सहा प्रश्न निवडलेत, त्यातल्या दोन-तीन उत्तरांना जरा जास्त जागा लागलीये, पण विषयच तसे आहेत.

देवगड तालुक्यातल्या एक शिक्षिका विचारतात: आमच्याकडे १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम डे साजरा होतो. १८६८ साली लॉकियर साहेबाने किल्ल्यावरच्या 'साहेबाच्या कट्ट्यां'वरून सूर्यग्रहण बघताना हेलियम शोधला असं आम्ही मुलांना सांगतो. यंदा आठवीतल्या एका मुलीने विचारलं, बाई पण पुस्तकात तर गुंटूर लिहिलंय. तिला काय सांगू?

बाई, आधी त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या, बरोबर जागी बोट ठेवलंय तिने. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं हे खरं आहे, ग्रहणाची पट्टी एडनकडून अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावर आली आणि विजापूर, जमखंडी, गुंटूर, मछलीपट्टणम करत बंगालच्या उपसागरात उतरली हेही खरं. पण नॉर्मन लॉकियर त्या दिवशी विजयदुर्गावर नव्हता, हिंदुस्थानातच नव्हता. तो होता इंग्लंडमध्ये, युद्धखात्यात कारकुनी करायचा आणि उरलेल्या वेळात दुर्बीण घेऊन आकाश बघायचा, आणि सूर्यासाठी त्याने जो नवीन स्पेक्ट्रोस्कोप (प्रकाश रंगांत फोडून बघायचं यंत्र) करायला टाकला होता तो वेळेवर तयारच झाला नव्हता.

मग इथे कोण होतं? गुंटूरला फ्रान्सहून आलेला पिएर जान्सेन होता, तिथेच मेजर टेनंटची इंग्रज तुकडी होती. जमखंडीला, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात, लेफ्टनंट जॉन हर्शेल होता, ज्यांनी युरेनस शोधला त्या विल्यम हर्शेलचा नातू. आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं की मद्रास वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी वनपर्तीहून हेच ग्रहण बघत होते. (तीच सावली पुढे सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला, गेली, तिथल्या राजा मोंगकुटने स्वतः गणित करून ग्रहणाची वेळ काढली होती, पाहुण्यांना बोलावून किनाऱ्यावर ग्रहण दाखवलं, आणि त्या दलदलीच्या जागी झालेल्या मलेरियाने दीड महिन्यात वारला. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं.)

जान्सेनने काय पाहिलं ते नीट समजून घ्या. सूर्य पूर्ण झाकला की कडेला लालसर ज्वाळा दिसतात, त्यांचा प्रकाश त्याने स्पेक्ट्रोस्कोपमधून पाहिला तर चकचकीत रेषा दिसल्या, म्हणजे त्या ज्वाळा तापलेल्या वायूच्या आहेत हे पक्कं झालं. रेषा इतक्या ठळक होत्या की त्याला वाटलं या ग्रहण नसतानाही दिसायला हव्यात, आणि दुसऱ्या दिवशी १९ तारखेला सकाळी, सूर्य पूर्ण उघडा असताना, त्याला त्या खरंच दिसल्या! तोवर लोक या ज्वाळा बघायला वर्षानुवर्षं ग्रहणाची वाट बघत आणि बोटीने अर्धं जग फिरत, आता रोज बघता येणार होत्या. इकडे इंग्लंडात लॉकियरचं उपकरण अखेर हातात पडलं आणि २० ऑक्टोबरला त्यालाही, ग्रहण नसताना, त्याच रेषा दिसल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली, आणि पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक काढलं.

आता हेलियम. त्या रेषांमध्ये एक पिवळी रेषा होती. ग्रहण बघणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ती दिसली होती आणि ती सोडियमची, म्हणजे मिठातल्या सोडियमची, असं समजून पुढे गेले, कारण सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा तिथेच शेजारी असतात. लॉकियरने बारकाईने मोजलं तर ती सोडियमच्या जागेवर बसेना, थोडी बाजूला पडत होती. फ्रँकलंड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाबरोबर प्रयोगशाळेत खटपट करून बघितली, कुठल्याच माहीत असलेल्या वायूशी ती जुळेना. तेव्हा त्याने म्हटलं हा पृथ्वीवर न सापडलेला पदार्थ असणार, आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम. पंचवीस-सव्वीस वर्षं बऱ्याच लोकांनी ते मानलंच नाही. १८९५ च्या मार्चमध्ये विल्यम रॅम्सेने युरेनियमच्या एका खनिजावर ॲसिड टाकलं, निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा, आणि मग वाद संपला. म्हणजे हेलियम एका दिवशी एका जागी सापडलाच नाही, गुंटूरलाही नाही आणि विजयदुर्गालाही नाही. तुमच्या विद्यार्थिनीच्या पुस्तकातली ओळसुद्धा अर्धीच बरोबर आहे.

पण मग कट्टे कुणाचे? इथे मात्र विजयदुर्गाचा मान राहतो, आणि चांगला राहतो. २२ जानेवारी १८९८ ला पुन्हा खग्रास ग्रहण झालं, पट्टी बरोबर कोकणावरून आत शिरली, आणि त्या वेळी लॉकियर, तोवर सर नॉर्मन लॉकियर झालेला, खरोखर विजयदुर्गावर आला होता. ब्रिटिश आरमाराची मेलपोमिनी नावाची युद्धनौका किल्ल्यासमोर नांगरून होती, तिच्यावरच्या खलाशांना आणि अधिकाऱ्यांना ट्रेनिंग देऊन त्याने कामाला लावलं, कुणी प्रिझम लावलेले कॅमेरे सांभाळायचे, कुणी सेकंद मोठ्याने मोजायचे, कुणी नुसतं सूर्याच्या प्रभामंडळाचं चित्र काढायचं, आणि खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची, त्यामुळे आधी कित्येक दिवस नुसत्या तालमी. यंत्रं हलू नयेत म्हणून खाली पक्का पाया लागतोच. तुमच्या कट्ट्यांचं नातं मला तरी १८६८ पेक्षा १८९८ शी जुळलेलं दिसतं. हेलियमला नाव देणारा माणूस तीस वर्षांनी, हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षं झाल्यावर, आंग्र्यांच्या आरमाराच्या किल्ल्यावर उभा राहून सूर्य बघतोय, हे चित्र काय कमी आहे? मी त्या तटावर उभा राहिलोय, समोर वाघोटन खाडीचं मुख आणि मागे ते कट्टे, अंगावर काटा येतो.

आणि मुलांना हेही सांगा की त्या वर्षी महाराष्ट्रभर दुर्बिणी लागल्या होत्या, तेही मुंबई-पुण्यात प्लेग चालू असताना. पुलगावला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ, वऱ्हाडात तळणीला आणखी एक तुकडी, आणि करमाळ्याजवळच्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे लोक होते आणि त्यांच्या शेजारी आपले कावसजी दादाभाई नायगमवाला. नायगमवाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजात, प्रोफेसर होते, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी तिथे वेधशाळा उभी केली आणि तिच्यातली २० इंची दुर्बीण त्या काळी देशातली सगळ्यात मोठी होती, पुढे ती कोडाईकनालला गेली. पुण्यात आज किती जणांना हे नाव माहितीये?

१८ ऑगस्टचा कार्यक्रम बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही. ग्रहणाची सावली त्या दिवशी कोकणावरून गेलीच होती. फक्त २२ जानेवारीलाही मुलांना किल्ल्यावर न्या.

शिरूरहून एक वाचक: निघोजचे रांजणखळगे उल्का पडून झाले की पूर्वीच्या लोकांनी कोरले? आमच्या ग्रुपवर दोन्ही मेसेज फिरतात.

दोन्ही नाही. कुकडी नदीनेच केलेत, आणि हत्यार म्हणजे तळाशी पडलेले गोटे. काळ्या पाषाणात कुठेतरी भेग किंवा मऊ जागा असते, पावसाळ्यात पाणी तिथे भोवरा धरतं, भोवऱ्यात एक-दोन गोटे आणि वाळू अडकते आणि जात्यासारखं गरगर फिरत राहते, मग खड्डा खोल होतो, खोल झाला की गोटा आणखी पक्का अडकतो. असं हजारो वर्षं. आतली भिंत कुंभाराच्या रांजणासारखी गुळगुळीत लागते ती त्यामुळेच, आणि पाणी कमी असताना काही खळग्यांच्या तळाशी ते गोल गोटे अजून दिसतात. उल्केने झालेलं बघायचं तर लोणार आहे, त्याचं खाली येतंच. कडेवर उभं राहून सेल्फी मात्र काढू नका, दगड फार निसरडा आहे आणि आत पडलेल्याला वर यायला धरायला काही नसतं.

चंद्रपूर जिल्ह्यातून एक वाचक: माझी आजी म्हणायची, बांबूला फुलोरा आला की दुष्काळ पडतो, म्हणून फुललेलं बेट दिसलं की तोडून टाकायचे. ही अंधश्रद्धा आहे का? आणि बांबू एवढ्या वर्षांनी एकदाच का फुलतो?

आजीचं बोलणं अंधश्रद्धा म्हणून टाकू नका, त्यात कुणीतरी भोगलेलं आहे. पण फूल हे कारण आणि दुष्काळ हे फळ इतकं सरळ पण नाही, मधे एक प्राणी आहे, उंदीर.

बांबू म्हणजे गवतच. बरेच बांबू आयुष्यात एकदाच फुलतात, बी धरतात आणि मरून जातात, आणि एका पिढीचे सगळे एकदम. आपल्याकडचा कटांग साधारण चाळीस-पन्नास वर्षांनी फुलतो, माणवेल या दुसऱ्या बांबूचं गणित जरा ढिलं आहे, कधी एखाद-दुसरं बेटच फुलतं तर कधी अख्खं जंगल. बी तांदळासारखं दिसतं आणि खातातही. एका बेटाखाली इतकं बी पडतं की जमीन दिसत नाही. मग उंदीर, घुशी, रानकोंबड्या, डुकरं सगळ्यांची चंगळ, उंदरांना तर पोटभर खायला मिळालं की पिलावळ वाढायला वेळ लागत नाही. मग पाऊस पडतो, उरलेलं बी रुजतं, जंगलातलं खाणं एकदम संपतं आणि एवढे वाढलेले उंदीर निघतात शेतात.

मिझोरममध्ये हे घड्याळासारखं होतं. तिथे मेलोकॅना नावाचा बांबू डोंगरच्या डोंगर व्यापून आहे, दर ४८ वर्षांच्या आसपास फुलतो, त्याचं फळ तर पेरूएवढं मांसल असतं. तिथले लोक त्या काळाला मौतम म्हणतात, मौ म्हणजे तो बांबू आणि तम म्हणजे दुष्काळ. १८६२, १९११-१२, १९५८-५९ आणि मग २००६-०८, बघा अंतर. १९५८ मध्ये तिथल्या जिल्हा परिषदेने आधीच सांगितलं होतं की मौतम येतोय, तयारीला पैसे द्या, पण आसाम सरकारने (तेव्हा हा भाग आसामात होता) ते मनावर घेतलं नाही, म्हातारे लोक काहीतरी जुनं-पुराणं बोलतायत असं समजून. उंदरांनी उभी पिकं आणि कोठारं साफ केली. लोकांना मदत पोचवायला लालडेंगा नावाच्या पुढाऱ्याने एक दुष्काळ निवारण संघटना काढली, १९६१ मध्ये तिचाच मिझो नॅशनल फ्रंट झाला, १९६६ मध्ये भारत सरकारविरुद्ध उठाव, ऐझॉलवर आपल्याच हवाई दलाची बाँबफेक, आणि शांतता करार व्हायला १९८६ उजाडलं. पुढच्याच वर्षी मिझोरम राज्य झालं. वीस वर्षांच्या त्या रक्तपाताला बाकीही कारणं होती, पण सुरुवातीला एक गवत फुललं होतं आणि म्हाताऱ्यांचं कुणी ऐकलं नव्हतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. २००६ च्या वेळी मात्र तयारी झाली, मारलेल्या उंदराच्या दर शेपटीमागे बक्षीस ठेवलं, शेतकऱ्यांना आधीच हळद-आल्यासारखी, उंदीर खात नाहीत अशी पिकं घ्यायला सांगितलं. नुकसान झालंच, पण १९५९ सारखी वेळ आली नाही.

आता याची दुसरी बाजू, ती आजीलाही माहीत असणार. दुष्काळात हेच बी लोकांनी खाल्लंय. १८६४ मध्ये कारवार भागातल्या सुपाच्या जंगलात बांबू फुलला तेव्हा धारवाड आणि बेळगाव जिल्ह्यांतून साधारण ५०,००० माणसं बी गोळा करायला आल्याची नोंद आहे, कुटुंबंच्या कुटुंबं दहा-पंधरा दिवस जंगलात मुक्काम टाकून. १८१२ मध्ये ओरिसात तर बांबू फुलल्यामुळे दुष्काळ टळला असं लिहून ठेवलंय. म्हणजे तोच फुलोरा एकीकडे दुष्काळ आणतो आणि दुसरीकडे वाचवतो, जंगल केवढं, आजूबाजूला शेती केवढी, उंदीर किती वाढले यावर सगळं ठरतं.

एवढ्या वर्षांनी एकदम का, तर १९७६ मध्ये डॅनियल जॅन्झेन या शास्त्रज्ञाने मांडलेलं कारण आजही मानतात. दरवर्षी थोडं थोडं बी टाकलं तर खाणारे सगळं फस्त करतील. पण पन्नास वर्षं काहीच नाही आणि मग एकदम डोंगरभर, तर खाऊन खाऊन किती खातील, उरलेलं रुजतं. कुणी एकटा बांबू दोन वर्षं आधी फुलला तर त्याचं सगळं बी खाल्लं जातं, त्याचा वंशच पुढे जात नाही, म्हणून पिढ्यानपिढ्या वेळ पाळणारेच टिकले. वर्षं नेमकी कशी मोजतात ते कोडं अजून उलगडायचंय, घड्याळ आतलं आहे एवढं नक्की, कारण दूरदेशी नेऊन लावलेली रोपंसुद्धा मूळ बेटाच्या आसपासच फुललेली आहेत. आपल्या सह्याद्रीतली कारवी याच सवयीची, जिच्या काठ्यांचा कूड घालून शेणाने लिंपतात तीच. मुंबईच्या नॅशनल पार्कात ती आठ वर्षांनी फुलते, २००८, २०१६, २०२४. पुढचं साल मुलांकडून काढून घ्या आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा, तोवर मुलं मोठी झालेली असतील.

बेट तोडण्याबद्दल सांगायचं तर, फुललेला बांबू तसाही मरणारच असतो, पण बी पडू द्या, नाहीतर पुढची पिढी येणार कुठून.

लातूरहून एक वाचक: पहिल्या पावसाचा मातीचा वास नेमका कशाचा? पाण्याला तर वास नसतो.

मातीत स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जीवाणू राहतात, ते जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, मुख्य वास त्याचा. कच्च्या बीटाला जो मातकट वास येतो ना, तोही त्याचाच. आपलं नाक याबाबतीत थक्क करणारं आहे, हजार अब्ज भागांत पाच भाग एवढं जिओस्मिन असलं तरी कळतं. शिवाय कोरड्या दिवसांत झाडांमधून निघणारी तेलं दगडमातीत मुरलेली असतात, तीही पावसाबरोबर बाहेर पडतात. २०१५ मध्ये अमेरिकेत एमआयटीत हायस्पीड कॅमेऱ्याने दाखवलं की थेंब मातीवर आपटला की त्याच्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात, सोड्यासारखे, आणि वास घेऊन बारीक तुषार हवेत उडतात. म्हणून रिमझिम पावसात वास जास्त येतो, धो धो पडला की कमी.

जीवाणूंना या वासाचा फायदा काय हे २०२० मध्ये कळलं. स्प्रिंगटेल नावाचे मातीतले इवलेसे जीव या वासावर येतात, जीवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगाला लावून दुसरीकडे नेऊन टाकतात. आपण ज्या वासाने हळवे होतो तो मुळात त्यांच्यासाठी आहे.

१९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बेअर आणि थॉमस या दोघांनी याला पेट्रिकोर असं नाव दिलं, पण त्यांच्या आधी कितीतरी पिढ्या उत्तर प्रदेशात कन्नौजला हा वास बाटलीत भरला जात होता, आणि त्या दोघांनी ते आपल्या लेखात लिहिलंसुद्धा. मातीच्या चकत्या भाजून तांब्याच्या डेगमध्ये पाण्याबरोबर उकळायच्या, वाफ चंदनाच्या तेलात उतरवायची, झालं मिट्टी अत्तर. आणि मृद्गंध हा आपला शब्द तर आहेच, मला तो पेट्रिकोरपेक्षा केव्हाही जवळचा वाटतो.

मेहकरहून एक वाचक: लोणारचं पाणी २०२० मध्ये गुलाबी झालं ते प्रदूषणाने का? आणि सरोवराचं वय कुणी ५२,००० वर्षं सांगतं, कुणी पावणेसहा लाख.

गुलाबी रंग मिठात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा होता, हॅलोआर्किया म्हणतात त्यांना, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितलं. त्या उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि यांचं फावलं. नमुना बाटलीत ठेवून दिला तर रंग तळाशी बसला आणि वरचं पाणी स्वच्छ झालं, म्हणजे पाणी रंगलं नव्हतं, त्यात तरंगणारे जीव रंगीत होते. वयाचं म्हणाल तर ५२,००० हा जुन्या पद्धतीने काढलेला आकडा, नंतर आघाताच्या उष्णतेने वितळलेल्या खडकातल्या आर्गॉन वायूच्या मोजणीवरून साधारण ५,७०,००० वर्षं आलं. मी दुसऱ्याच्या बाजूने आहे, कारण ती मोजणी थेट त्या वितळण्याचीच वेळ सांगते.

अलिबागहून सातवीतला एक विद्यार्थी: आमच्या गावात चुंबकीय वेधशाळा आहे. बाबा म्हणाले ती बांधताना लोखंडाचा एक खिळाही वापरला नाही. का? आणि ती मुंबईत न बांधता अलिबागलाच का बांधली?

बाबांनी बरोबर सांगितलंय बाळा, आणि तुझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच गोष्ट ऐकली की मिळतं.

पृथ्वी म्हणजे एक मोठं चुंबक आहे हे तू शिकला असशील, त्यामुळेच होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते. पण हे चुंबकत्व स्थिर नसतं, दिवसभरात थोडं थोडं बदलतं आणि सूर्यावर काही मोठं घडलं तर एकदम हलतं. ते मोजायला मुंबईत कुलाब्याला वेधशाळा होती, ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये बांधलेली, १८४१ पासून तिथे चुंबकाच्या नोंदी सुरू झाल्या. सुरुवातीला माणसं डोळ्यांनी बघून हाताने आकडे लिहायची, तासातासाला, रात्रीसुद्धा.

१ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन नावाच्या माणसाने सूर्यावरच्या डागांचं चित्र काढता काढता त्यांच्यावर पांढरा झगझगीत प्रकाश चमकलेला पाहिला. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळलं, माणसाने मोजलेलं सगळ्यात मोठं. अमेरिकेत तर तारायंत्राच्या लायनीत इतका करंट आला की बॅटऱ्या काढून टाकूनही तारा जात होत्या. आणि कुलाब्याला कुणीतरी आपल्या जागेवरून न उठता सुई बघत, दर काही मिनिटांनी आकडे लिहीत बसलं होतं. जगातल्या बऱ्याच ठिकाणची यंत्रं त्या दिवशी पट्टीबाहेर गेली होती, पण कुलाब्याचे आकडे राहिले. २००३ मध्ये ते जुने कागद घेऊन शास्त्रज्ञांनी हिशोब केला तर चुंबकीय क्षेत्र साधारण १६०० नॅनोटेस्लाने (हे चुंबकत्व मोजायचं माप) खाली गेलं होतं असं निघालं. १९८९ मध्ये ज्या वादळाने कॅनडातल्या क्वेबेकमध्ये साठ लाख लोकांची वीज गेली ते ५८९ चं होतं, मग विचार कर. आज जगभर जेव्हा जेव्हा प्रश्न पडतो की असं वादळ पुन्हा आलं तर सॅटेलाइटचं, विजेचं काय होईल, तेव्हा मुंबईचे ते आकडे काढले जातात.

मग पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या ट्रामचा करंट रुळांतून जमिनीत झिरपतो आणि करंट वाहिला की त्याच्याभोवती चुंबकत्व तयार होतं, हा प्रयोग तुम्ही शाळेत कराल. म्हणजे कुलाब्याची सुई सूर्याचं सांगतेय की ट्रामचं हे कळणारच नाही. तेव्हा वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस होते, त्या जागेवर आलेले पहिले भारतीय. मुंबईपासून फार लांब नाही पण मधे समुद्र आहे, अशी जागा म्हणून तुझं अलिबाग निवडलं आणि १९०४ मध्ये काम सुरू झालं. पण त्यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही, दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजलं, म्हणजे जुने आकडे आणि नवे आकडे जोडता आले पाहिजेत. मुंबईत विजेची ट्राम धावली ७ मे १९०७ ला, त्याच्या आधीच हे सगळं झालं होतं. ट्राम १९६४ मध्ये बंद पडल्या, अलिबागची नोंद अजून चालू आहे. म्हणून १८४१ पासून आजपर्यंत सलग नोंदी असणाऱ्या जगातल्या मोजक्या जागांमध्ये तुझ्या गावाचं नाव येतं.

आता खिळा. लोखंड जवळ असलं की सुई ओढली जाणार, म्हणून बांधकामात लोखंड नाही, तिथे तांबं आणि पितळ. आणि नुसतं लोखंड टाळून भागत नव्हतं, आपल्या कोकणातला काळा दगड आहे ना, बसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट नावाचं लोखंडी खनिज असतं, तो दगडच थोडा चुंबकासारखा वागतो. म्हणून भिंतींसाठी दगड समुद्रमार्गे पोरबंदरहून आणला. हे तू घरी करून बघू शकतोस, होकायंत्र घे आणि वेगवेगळ्या काळ्या दगडांजवळ हळूहळू ने, एखाद्या दगडाजवळ सुई किंचित हललेली दिसेल.

तुझ्या शाळेतल्या सरांना सांग की आधी पत्र लिहून परवानगी घ्या आणि सगळ्या वर्गाला घेऊन चला. जाताना किल्ल्या, लोखंडी बक्कलचा पट्टा आणि कंपासपेटी बाहेरच ठेवायची, आणि आत गेलास की तिथल्या माणसांना १८५९ च्या त्या पानाबद्दल नक्की विचार.